चौदा चित्रांची चकती

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम येथील ज्या ज्या घरांत लग्नाचा अल्बम आहे, त्या सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपल्याला ‘हनुवटी खाली, श्वास रोखा’ असा हुकूम सोडणारे फोटोग्राफर सुदामदादा गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, जावई आणि एक अत्यंत नालायक डिजिटल कॅमेरा असा परिवार आहे. पहिल्या तिघांच्या दुःखात मी सहभागी आहे. चौथ्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही.

मी अंबरनाथला कारखान्यात पाळीवर होतो तेव्हा फोन आला. झोपेतच गेले. दादांच्या घरी पोहोचलो, रडून झालं, आणि शोभावहिनींनी मला बाजूला घेतलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हार घालायला यांचा फोटो लागेल, तेवढा शोधा, म्हणाल्या. मी निर्धास्त होतो. फोटोग्राफरच्या घरात फोटोला काय तोटा? दोन दिवस ट्रंका उपसल्या. साऱ्या गावाची लग्नं निघाली, बारशी निघाली, निवडणुकीला उभे राहिलेले आणि आडवे झालेले निघाले… दादा कुठेच नाहीत. तीस वर्षं माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. लग्नातला एक सापडला, पण त्यात ते बावीस वर्षांचे. वहिनी म्हणाल्या, “याच्या शेजारी बसले तर मी याची आई दिसेन.” मतदार ओळखपत्रावरचा इसम कोण, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. उरला तो कॅमेरा.

त्याची कथा अशी. रीळ मिळेनासं व्हायला लागलं तेव्हा दादा मला घेऊन उल्हासनगरला गेले. मी फार बोलतो म्हणून ते मला वकील म्हणत, आणि घासाघीस करायला वकील लागतोच. दुकानदार सिंधी होता, गोड माणूस. कॅमेरा हातावर ठेवून म्हणाला, “साईं, ये खुद सोचता है.” दादा म्हणाले, “फिर शादी में इसी को भेजो, मैं घर पे सोता हूँ.” तरी घेतला, कारण पर्याय नव्हता.

जुन्या कॅमेऱ्याशी दादांचा व्यवहार सरळ होता. तळहात पुढे धरायचा, त्यावर पडलेला उजेड बघायचा, अंतर जोखायचं, दाबायचं. एका क्षणाला एकच फोटो, आणि तो येणारच. या नव्या अवलादीच्या डोक्यावर चकती होती आणि चकतीवर चौदा चित्रं. डोंगर, फूल, चंद्र, पळणारा माणूस, मेणबत्ती, तान्हं बाळ, एक कुत्रंसुद्धा. प्रत्येक चित्राच्या पोटात उजेडाचे रंग, फ्लॅशच्या तऱ्हा, आणि प्रत्येक तऱ्हेला पुन्हा पोटभेद. दादांनी शंभर पानी वही आणून सगळ्या जोड्या लिहायला घेतल्या. वही संपली तेव्हा ते तिसऱ्या चित्रावर होते.

मग माझ्या पुतणीचं लग्न आलं. दादांनी वही फेकली आणि चित्रांवर विश्वास ठेवला. आपल्या लग्नात तसबिरींसमोर मेणबत्ती लावतात, त्रिशरण-पंचशील होतं. मग चित्र कुठलं? मेणबत्तीचं. वधूवर एकमेकांना हार घालतात, मग? फुलाचं. मी शेजारीच होतो आणि मलाही यात काही चूक दिसली नाही. मेणबत्तीच्या चित्राने पांढऱ्या साडीतली नवरी हळदीच्या पिंपातून काढल्यासारखी आली, आणि नवऱ्याला तीन कान. फुलाच्या चित्राने तर कहर केला. हार धूसर, चेहरे धूसर, आणि पुढे उभ्या असलेल्या मावशीच्या अंबाड्यातला गजरा मात्र पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी असा.

मी आठवडाभर हसत होतो. दादा हसले नाहीत. त्यांनी नवरानवरीला लग्नाच्या कपड्यांत परत बोलावलं, शिल्लक राहिलेलं शेवटचं रीळ जुन्या कॅमेऱ्यात भरलं आणि तळहात पुढे धरला. “वकील,” ते म्हणाले, “तीस वर्षांत कुणाला दुसऱ्यांदा हार घालायला लावला नव्हता रे.” तेव्हा माझं हसणं थांबलं.

तर त्या कॅमेऱ्यात त्यांचा एक फोटो निघाला. एकच. बहुधा कॅमेऱ्याच्या तोंडावरचा दिवा का लुकलुकतोय हे बघायला दादा वाकले असावेत, आणि त्या हरामखोराने स्वतःच विचार करून बटण दाबलं. एक डोळा मिटलेला, कपाळावर आठ्या, ओठांवर अर्धवट शिवी, आणि सगळं हललेलं. मी तोच मोठा करून आणला. दुसरा होता कुठे?

कार्यक्रमाच्या दिवशी फोटोला पांढरा हार घातला, मेणबत्ती लावली. वंदना झाली. हॉल गच्च होता, बहुतेक सगळे दादांच्याच अल्बममधले. एक मिनिट शांत उभं राहायचं ठरलं. वहिनी मान खाली घालून उभ्या होत्या. मग त्यांनी मान वर केली, फोटोकडे नीट निरखून पाहिलं, आणि रोजच्या आवाजात बोलून गेल्या, “अगंबाई, हा तर हललाय. यांना बोलवा ना कुणीतरी, यांना सांगा दुसरा काढायला.”