वनिताताईच्या एकतीस चुका

वनिताताई गेल्याची बातमी मला ऑफिसच्या ग्रुपवर कळली. सकाळची वेळ, मी नेरूळच्या घरी भेंडी चिरत होते, फोन ओट्यावर वाजत होता. हृदयविकाराचा झटका. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि त्यात आमच्या साहेबांनी लिहिलेलं एक वाक्य : ‘अत्यंत शांत, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणारी सहकारी आपण गमावली.’ खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, संताप आला. शांत? वनिताताई? अरे, कुणाबद्दल बोलताय तुम्ही! या बाईनं ऑफिसातला एकही दिवस भांडल्याशिवाय घालवला नाही. सुकटीच्या वासावरून नोटीस लागली, तर त्या नोटिशीखालीच बसून डबा उघडणारी बाई ती. ‘ती शांत नव्हती’ असं मी टाईप केलं, आणि पुसलं. गेलेल्या माणसाबद्दल वेडंवाकडं बोलू नये म्हणतात ना… पण हे वेडंवाकडं नाही, हे तिचं कौतुक आहे. सहा आठवडे झाले, आता पुसत नाही.

आम्ही काम काय करायचो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अमेरिकेत बेसबॉलचे मोठे संघ असतात, आणि त्यांच्या खाली लहान लहान संघांची उतरंड. तिथे अठरा-वीस वर्षांची पोरं वर्षानुवर्षं खेळत राहतात, वरच्यांनी कधीतरी बोलवावं म्हणून. त्यांच्या शेकडो सामन्यांचं चित्रण होतं. प्रत्येक चेंडू कुठे गेला, कोण धावलं, कुणी पकडला, कुणी सोडला, हे कुणीतरी बघून भरायला लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या युनिटच्या वरच्या मजल्यावर, आमच्यापैकी एकानंही जन्मात बेसबॉलची बॅट हातात धरलेली नव्हती. तिकडचे रात्रीचे सामने संपायचे तेव्हा आपल्याकडे सकाळ असायची. आम्ही कार्ड पंच करून बसायचो आणि त्या पोरांचं नशीब बटणं दाबून भरायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

वनिताताई जवळच्याच गावठाणातली. शाळेत खो-खो खेळलेली, तालुक्यापर्यंत गेलेली. घरचं ठीकठाक होतं, कामाची गरज नव्हती. नवरा, मोरेश्वरभाऊ, चारचौघांत हसून सांगायचे, ‘आमची बाई अमेरिकेतल्या पोरांचा चेंडू बघाया जाते!’ जाहिरातीत ‘खेळाची आवड हवी’ असं लिहिलं होतं म्हणून ती आली. लेकीकडून महिनाभरात कॉम्प्युटर शिकली. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, ‘बाय, इथं नुसतं मोजायचं हाय का बघायचं पन हाय?’ मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण तपासनीस होते. मोठ्या ऐटीत म्हटलं, ‘ताई, नियमाप्रमाणे भरायचं.’

नियम भिंतीवर चिकटवलेला होता. चेंडू खेळाडूच्या हातमोज्याला लागून सुटला तर ती त्याची चूक. लागलाच नाही तर चूक नाही. एकच सामना दोघं वेगवेगळे भरायचे. दोघांचं जुळलं नाही तर तपासनीस निवाडा करणार, आणि ज्याच्या विरुद्ध निवाडा जाईल त्याच्या नावावर एक चूक लागणार. चुका फार झाल्या की साहेबांसमोर खुलासा. म्हणजे तिकडे त्या पोरांच्या चुका आम्ही मोजायच्या, आणि आमच्या चुका इकडे मी मोजायच्या.

भांडण झालं ते बावीस नंबरवरून. आम्हाला खेळाडूंची नावं कमी आणि पाठीवरचे आकडे जास्त पाठ असायचे. हा बावीस नंबरचा पोरगा मैदानातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा. सगळ्यात जास्त चेंडू तिथेच येतात. काटकुळा, कुठल्याशा बेटावरून आलेला, जेमतेम एकोणीस वर्षांचा. चुकांच्या यादीत सगळ्यात वर. दुसऱ्या एका संघात त्याच जागेवर सात नंबर उभा राहायचा, त्याच्या नावावर चूक जवळजवळ नाहीच. आमच्याकडे सगळे म्हणायचे, सात नंबर वर जाणार. वनिताताई एकटी म्हणायची, ‘सात नंबर? तो हालत नाय जागेवरून! जो पोचतच नाय, त्याच्या हातून सुटंल काय?’

आणि ती चूक भरायची नाही. बाविश्या (हे तिनंच ठेवलेलं नाव) लांबवर झेपावला, हातमोज्याच्या टोकाला चेंडू लागला आणि सुटला, की ती ‘चूक नाही’ भरायची. दुसरा माणूस ‘चूक’ भरायचा. निवाडा माझ्याकडे. मी भिंतीकडे बघायचे आणि वनिताताईच्या नावावर चूक टाकायचे. पडद्यावर निवाडा करणाऱ्याचं नाव दिसतं, त्यामुळे ती थेट माझ्या टेबलावर. ‘तू चेंडू बघतंस. चेंडू नको बघू, पाय बघ. खो मिळाल्यावर पोरगी उठून पहिलं पाऊल कसं टाकते त्यात सगळं आलं, पुढचं नुसतं धावनं. बॅट लागायच्या आधी याचं पाऊल पडतंय, दिसत नाय तुला?’ मी म्हणायचे, ताई, पावलासाठी बटण नाहीये. ती म्हणायची, ‘मग बटन करा!’

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं मला हाताला धरून खाली नेलं. स्टेशनरीच्या दुकानातून रबरी चेंडू आणला होता. गेटवरच्या वॉचमनकाकांना सांगितलं, दहा चेंडू हिला टाका, दहा मला, जोरात, इकडे तिकडे. मला म्हणाली, ‘तू सात नंबर. जागची हालू नको.’ मी चपला घालून उभी. दोन चेंडू सरळ आले ते पकडले, आठ बाजूनं गेले. मग तिनं ओढणी कमरेला खोचली. त्या वयात, त्या उन्हात, बाई दहाच्या दहा चेंडूंवर धावली. सहा अडवले, चार हाताला लागून सुटले. गुडघा फुटला, टपरीवरची माणसं चहा सोडून बघायला आली. धापा टाकत म्हणाली, ‘मी सहा अडवले, तू दोन. पन माझ्या चार चुका नि तुझी एक बी नाय! आता बोल, कोनाला घेशील संघात?’ वॉचमनकाका म्हणाले, ‘मावशीला!’ सगळे हसले. मीही हसले. मला पटलं होतं, शंभर टक्के पटलं होतं. आणि त्याच दुपारी तीन वाजता बाविश्याचा पुढचा सामना आला, तो झेपावला, चेंडू निसटला, आणि मी तिच्या नावावर चूक टाकली.

का टाकली? भीती. दुसरं काही नाही. उगाच नियमाचा मान वगैरे म्हणत नाही.

मग खुलाशाची वेळ आली. तिच्या नावावर एकतीस चुका, सगळ्या बाविश्यावरून. साहेब म्हणाले, ‘वनिताताई, आपल्याला फक्त डेटा द्यायचाय, मत नाही द्यायचं.’ आणि माझ्याकडे वळले, तुमचं काय म्हणणं? मी म्हटलं, नियमाप्रमाणे चुकाच आहेत. वनिताताई माझ्याकडे बघून हळू बोलली. ती हळू बोलली की मला जास्त भीती वाटायची. ‘नियम मना पन वाचता येतो. तू काय बघितलंस ते सांग.’ मी मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवसापासून तिला सामने भरायच्या कामावरून काढलं आणि फाइलींना नावं द्यायला बसवलं. आला सामना, दिलं नाव, सरकवला पुढे. मी तिला म्हटलं, सोडून दे ना नोकरी, तुला काय कमी आहे? म्हणाली, ‘मी गेले तर ती लोकं बोलतील, चुकली म्हनून गेली. मी नाय जात.’ आणि माझ्याशी अबोलाही धरला नाही. शिव्या घालायची आणि डब्यातली तांदळाची भाकरी पुढे करायची. अबोला मला परवडला असता.

पुढच्या हंगामात संघांनी सोडून दिलेल्या खेळाडूंची यादी आली. त्यांच्या फाइली बंद करायच्या, हे काम आता तिचंच. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, ‘बाविश्याला काढला.’ मी म्हटलं, ताई, आपल्या आकड्यांनी काय होतंय, त्यांची तिकडे माणसं असतात, मैदानात बसून बघणारी. ती म्हणाली, ‘थोडा तरी फरक पडला असंल ना? तेवढा आपला.’

आता तुम्ही वाट बघत असाल की हा बाविश्या पुढे मोठा खेळाडू झाला, आणि वनिताताईचा शब्द खरा ठरला. नाही झाला. निदान मला तरी माहीत नाही. तो आज बेटावर परत गेलाय की कुठे ट्रक चालवतोय, देव जाणे. तो चांगला होता एवढं मला माहीत आहे. ज्याला वर घेतात तोच चांगला, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल सात नंबरसाठी टाळ्या वाजवाव्यात. वनिताताईनं कधी वाजवल्या नाहीत, आणि मी आता वाजवणार नाही.

तिची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी गावठाणात तिच्या घरी गेले होते. पलंगावर बसून ती मोरेश्वरभाऊंशी भांडत होती, मीठ कमी घातलं म्हणून. भाऊ शहाळं आणायला बाहेर गेले तशी म्हणाली, ‘बाय, एक काम हाय तुझ्याकडं. त्या एकतीस चुका परत बघ. दया नको करू माझ्यावर. बघ, नि जे दिसंल ते लिही.’ मी म्हटलं, बघते. आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर तीन आठवडे होते माझ्याकडे. रोज सुट्टीत चहा प्यायले, फोन बघितला, ते तेवढं बघितलं नाही. चौथ्या आठवड्यात ग्रुपवर तो मेसेज आला.

तिचं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जुने सामने उघडले. नऊ दिवस जेवणाची सुट्टी त्यात घातली. चेंडू नाही बघितला, पाय बघितले. बॅट लागायच्या आधी त्या पोराचं पाऊल खरंच पडायचं हो! माझ्या डोळ्यांसमोर पडायचं आणि मी भिंत वाचत बसले होते. एकेक चित्रण दहादहा वेळा पुढे-मागे केलं. मनातून वाटत होतं, एकतीसच्या एकतीस तिच्या बाजूनं निघावेत, म्हणजे माझी सुटका होईल. तसं झालं नाही. सव्वीस ठिकाणी ती बरोबर होती, माझा निवाडा चुकला होता. पाच ठिकाणी चेंडू सरळ हातात आला होता आणि पोराचं लक्ष धावणाऱ्याकडे गेलं होतं. ती त्याची चूक होती, आणि वनिताताईनं प्रेमापोटी ती बघितली नव्हती.

मी साहेबांना लेखी दिलं. सव्वीस चुका वनिताताईच्या नावावरून काढा आणि माझ्या नावावर टाका. साहेब म्हणाले, ‘मॅडम, त्या गेल्या. आता काय फरक पडतो?’ मी म्हटलं, त्या गेल्यात, चुका इथेच आहेत. ‘तुमचा रेकॉर्ड खराब होईल. खुलासा द्यावा लागेल.’ म्हटलं, देईन. आणि या वेळी नियम काय आहे ते नाही सांगणार, काय दिसलं ते सांगेन. साहेबांनी माझा कागद परत एकदा वाचला. मग म्हणाले, ‘मग पाच तरी कशाला ठेवता? सगळ्याच काढून टाका, गेलेल्या माणसाच्या.’

काढणार नाही. दया नको म्हणाली होती. सव्वीस मी माझ्या नावावर घेतल्या, माझी खुलाशाची तारीखही आली आहे. पण त्या पाच तुझ्याच आहेत, वनिताताई. मी बघितलंय, दहादहा वेळा बघितलंय. तुला पटणार नाही, माहीत आहे मला… ओढणी खोच आणि ये भांडायला.