केंकरे सरांची शेवटची विद्यार्थिनी

भूगर्भशास्त्रात पीएचडी करायला निघालेली लाटंबार्से गावातली पहिली मुलगी म्हणजे सुमंगला गावस. गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. पणजीजवळच्या एका संशोधन संस्थेत डॉ. गोकुळदास केंकरे तिचे मार्गदर्शक होते. डिचोलीतल्या खाणी खोल जातात तशा आसपासच्या विहिरी का आटतात, हा तिचा विषय. वाड्यावाड्यांवर फिरून, विहिरींत टेप सोडून तिनं भूजलाचा नकाशा तयार केला.

तोच नकाशा केंकऱ्यांनी बंगळूरच्या परिषदेत स्वतःचा म्हणून मांडला. तिथं गेलेल्या एका सहकाऱ्यानं तिला हे सांगितलं. तिनं सरांना विचारलं, तर ते हसले. विद्यार्थ्याचं काम ते मार्गदर्शकाचंच, म्हणाले.

संस्थेत दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्यानं समितीपुढं प्रगती मांडायची असे. लागोपाठ दोनदा काम असमाधानकारक ठरलं की नोंदणी रद्द. अध्यक्ष केंकरेच होते. विषयाची समज नाही, असं दोन्ही वेळा सांगून त्यांनी तिला बाहेर काढलं.

धारवाडला जाऊन सुमंगलानं प्रवेश परीक्षेपासून पुन्हा सुरुवात केली. लग्नाचा विषय निघाला की उठून जायची. पीएचडी झाल्यावर चांगल्या जागा सोडून ती मुद्दाम त्याच संस्थेत नोकरीला आली. केंकऱ्यांशी गोड बोलत राहिली आणि वाट पाहत राहिली.

ती समितीची अध्यक्ष झाली तेव्हा केंकऱ्यांकडे एकच विद्यार्थिनी उरली होती, पेडण्याची सुविधा. तेरेखोल नदीच्या गाळावर तिचं काम चाललं होतं. तिचा प्रबंध पुरा झाला तरच केंकऱ्यांना निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळणार होती.

पहिल्या वेळी सुमंगलानं पावसाळ्यातले नमुने नाहीत म्हणून काम नाकारलं. सुविधानं भर पावसात होडीतून जाऊन नमुने आणले. काम चोख होतं, हे सुमंगलाला दिसत होतं. तरी दुसऱ्या वेळी तिनं प्रयोगशाळेतल्या पद्धतीवर बोट ठेवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

केंकरे तिच्या खोलीत आले.

"मुलीचा काय दोष?"

"काही नाही, सर. तुमची विद्यार्थिनी आहे, एवढंच."

"त्या नकाशामुळं करताय हे?"

"कुठला नकाशा?"

त्यांनी मागं वळून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा. मी माझ्या नावावर लावलेला."

सुमंगलानं पेन उघडलं आणि त्यांच्यादेखत नोंदणी रद्द करण्याच्या अहवालावर सही केली.

केंकरे निवृत्त झाले, मुदतवाढ मिळाली नाही. त्या शनिवारी सुमंगला म्हापशाहून बस पकडून गावी गेली. तिनं सगळं आईला, भागीरथीला, सांगितलं. या माणसाला भागीरथीनंही कमी शिव्या घातल्या नव्हत्या. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या चेडवाचं काय गो?"

त्या मुलीची आपल्या हाताखाली नव्यानं नोंदणी करून घेईन, सुमंगला म्हणाली. दोनदा तिनं पेडण्याला निरोप धाडला. सुविधा आली नाही. तिनं गावच्या शाळेत भूगोल शिकवायला घेतला होता.

केंकऱ्यांविषयी सुमंगलाला पुढंही कधी वाईट वाटलं नाही. सुविधाचं नाव मात्र कुणी काढलं, तर ती दुसरंच काही बोलू लागायची.