पाइपाच्या तोंडाशी बेल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातला एक मंगळवार. हजर: मी, घड्या घालणाऱ्या मावशी, आणि मागच्या बोळात आप्पा, म्हणजे माझे सासरे. नवरा निलंग्याला लग्नाला गेलेला.

आमची लाँड्री दवाखान्यांच्या चादरी धुते. एरवी गच्चीवरच्या तारांवर काम भागायचं. त्या वर्षी हवेत नुसता फुफाटा. वाळत घातलेल्या चादरींवर माती बसायची, दवाखाना त्या परत पाठवायचा, आणि दुसऱ्यांदा धुवायला टँकर कुठून आणणार? म्हणून गॅसवर चालणारा जुना मोठा ड्रायर हैदराबादहून आणला.

बसवायच्या आधी मी यादी करून भिंतीवर चिकटवली. पाइप पत्र्याचा, प्लास्टिकचा नको. होईल तेवढा आखूड आणि सरळ. थेट भिंतीतून बाहेर, खिडकीपासून लांब. तोंडाला जाळी नको; तिच्यात कपड्यांचा बुरा, म्हणजे सुटलेले तंतू, अडकतो आणि बुरा पेट घेतो. फक्त हवेनं उघडणारी झडप. ओल्या हवेबरोबर जळलेल्या गॅसचा धूरही इथूनच जातो, म्हणून तोंड कायम मोकळं.

पाइप बसवताना खालून धरायला आप्पाच होते. मशीन सुरू झाल्यावर त्यांनी बाहेर बोळात जाऊन झडपेसमोर हात धरला. तळवा ओला झाला.

"पोरी, एवढं पाणी हवेत सोडायलीस तू?"

"आप्पा, ती वाफ आहे."

"वाफ म्हंजे पाणीच की!"

रेणापूरकडची त्यांची विहीर त्याच वर्षी आटली होती. पण त्यांचा जीव अडकला होता तो बोळातल्या बेलात. तो सासूबाईंनी लावलेला. आप्पांच्या पूजेसाठी रोज सकाळी त्याची पानं त्याच आणून द्यायच्या. त्या गेल्यापासून आप्पा स्वतः तोडायचे. आता खालच्या फांद्या काडीसारख्या झाल्या होत्या. सगळ्यांना पाणी वाटून देण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि माझ्या वाटणीत बेलाला रोज एक तांब्या होता.

तर त्या मंगळवारी चादरी दोनदा फिरवूनही दमट निघाल्या. मशीनच्या मागच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "ताई, डोकं लई जड झालंय." माझंही सकाळपासून ठणकत होतं. एकाच खोलीत दोघींची डोकी एकदम दुखतात, तेव्हा ते ऊन नसतं. मी मशीन बंद केलं, गॅसचा कॉक फिरवला, दोन्ही दारं सताड उघडली आणि मावशींना धरून बोळात आणलं.

तिथं आप्पा स्टुलावर बसलेले. झडप सुतळीनं वर बांधलेली, पाइपाच्या तोंडाला ओलं पोतं गुंडाळलेलं, आणि पोत्याचं टोक खाली घागरीत. आतल्या बाजूनं पोत्यावर बुऱ्याची गोधडी जमली होती. घागरीत तळाला गढूळ पाणी.

"तांब्याभर जमलंय बघ!" आप्पा खुशीत म्हणाले. मग त्यांना डोकं धरून बसलेल्या मावशी दिसल्या. "हिला काय झालं?"

"आप्पा, धूर आत कोंडला. त्याची वाट तुम्ही बंद केली."

त्यांनी पोतं स्वतःच ओढून काढलं. बोटं पोळली. मग म्हणाले, "तिचं झाड हाय, पोरी. माझ्या डोळ्यांदेखत वाळून चाललंय."

मोकळी हवा लागून मावशींना तरतरी आली होती, त्या म्हणाल्या, "म्हणून बेलाच्या आधी मलाच महादेवाला वाहत होता व्हय?"

आप्पा आधी ओशाळले, मग हसले. मीही हसले. हसता हसता डोळे भरून आले.

मावशींना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. सगळं ठीक होतं. आल्यावर मी वाटणी बदलली. चादरी शेवटच्या वेळी खंगाळल्यावर उरणारं जवळपास स्वच्छ पाणी, त्यातली एक बादली बेलाची. पाइप झाडायचं काम आप्पांचं. अजूनही दर शनिवारी, मशीन गार असताना, ते लांब दांड्याचा ब्रश घालून बुरा काढतात आणि पाइपाला तोंड लावून ओरडतात, "मोकळं हाय!" आत माझ्यापर्यंत तो आवाज पत्र्यातून घुमत येतो. मी "बरं आप्पा" म्हटल्याशिवाय ते हलत नाहीत.

बेल जगला. इतका जगला की त्याची एक फांदी आता थेट पाइपाच्या तोंडासमोर आली आहे. गरम हवा, वाळकी पानं आणि बुरा एकत्र नकोत, म्हणून ती कापायलाच हवी; भिंतीवरच्या यादीत खाली मी तसं लिहूनही ठेवलं. पहिल्यांदा करवत काढली तर आप्पा म्हणाले, "आज सोमवार. सोमवारी बेल तोडत न्हाईत." पुढं श्रावण लागला. "आता श्रावणात तिच्या झाडाला करवत लावतीस?" श्रावण सरला, तर म्हणाले, शिवरात्र होऊ दे.

तोवर मी फांदी दोरीनं बाजूला ओढून खुंटीला बांधली आहे. दोरी मी दर शनिवारी आवळते. शिवरात्र गेल्या आठवड्यात झाली. भिंतीवरच्या यादीत 'फांदी' तेवढी खोडायची राहिली आहे.