शेपटी फुटणारा दाणा

नवऱ्याच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. साखर. डॉक्टरांनी सांगितलं, भात कमी करा, नाहीतर बोट कापावं लागेल. जन्मभर होडीवर भात-कालवण खाल्लेला माणूस. भाकरी पुढे ठेवली की ताट सरकवायचा. म्हणाला, "बोट जाऊ दे. भात सोडणार नाय."

सून बोईसरला कारखान्यात जाते. तिने येताना किनोवा नावाच्या परदेशी धान्याचं पाकीट आणलं. राजगिऱ्याहून थोडे मोठे, चपटे दाणे. भातापेक्षा यात प्रथिनं जास्त, चोथा जास्त, साखर हळू चढते, असं तिने सांगितलं. "पण औषध नाय हां आई. गोळ्या चालूच ठेवायच्या. नि वाटीभरच द्यायचं."

मला वाटलं, धान्य शिजवायला मला कोण शिकवणार? भातासारखं एकदा विसळलं, ढीगभर पाण्यात टाकलं नि पेज काढून मीठ घालून नवऱ्याला दिली. आमच्याकडे पहिली पेज त्याचीच. एक घोट घेऊन त्याने परसात थुंकली.

"मला मारायचं हाय तर सरळ सांग."

मी चाखली. कडूजहर.

सुनेने पाकीट वाचून दाखवलं. दाण्यावर कडू थर असतो, चोळून धुवावा लागतो. दुसऱ्या दिवशी धुवायला घेतलं तर साबणासारखा फेस. माझ्या तांदळाच्या रोवळीतून दाणे निसटू लागले. मग जवळ्याची इवलीशी कोलंबी धुवायचं बारीक फडकं नीट उकळून घेतलं नि त्यात बांधून चोळलं. पाच पाणी लागली. एवढासा दाणा, नि स्वतःला वाचवायला अंगावर साबण घेऊन जन्मतो. मी चौथी शिकले, पण हे चौदावी शिकलेल्यांनाही सांगून पटणार नाही.

वाटीला दोन वाट्या पाणी, उकळी आली की मंद आच, वर झाकण. पंधरा मिनिटांनी उघडलं. प्रत्येक दाणा काचेसारखा झाला होता नि त्याच्या कडेने पांढरी शेपटी सुटली होती, अंड्यातून माशाचं पिल्लू निघावं तशी. हजारो. गॅस बंद केला नि हातात झाकण घेऊन तशीच उभी राहिले. साठ वर्षं चूल-गॅस सांभाळला, असं काही पाहिलं नव्हतं.

दहा मिनिटं झाकून ठेवलं, मग काट्याने मोकळं केलं. वर ओल्या बोंबलाचं आंबट कालवण घातलं. ताट पुढे ठेवलं.

नवऱ्याने बोटांनी कालवलं. पहिला घास बराच वेळ चावला. मग दुसरा. ताट पुसून खाल्लं.

"अजून घाल."

"वाटीभरच."

"वाटी लहान हाय तुजी."

दोन तासांनी सुनेने बोट टोचून मशीन लावलं. भात खाल्ल्यावर यायचा त्यापेक्षा आकडा बराच खाली होता. तिने दुसऱ्या बोटाचं रक्त घेऊन परत बघितलं. तेच.

"मशीन बिगडली असंल," नवरा म्हणाला. पाय पुढे घेऊन जखमेकडे बघत राहिला. मग मला विचारलं, "उद्या कोलंबी मिळंल का गं त्याच्यावर?"