काकूंचं ‘वाचलं’

रिपोर्ट पाठवण्याआधी काकू पडद्यावरच्या पेशंटच्या नावावर बोट ठेवायच्या आणि ते नाव मोठ्याने घ्यायच्या. मग तो माणूस समोर येऊन बसल्यासारखं “हां, बोल,” म्हणायच्या. ऑफिसातला नवा माणूस हमखास दचकायचा. तुम्हीही दचकला असता.

अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये डॉक्टर रिपोर्ट इंग्रजीत लिहितात आणि पेशंटच्या मोबाइलवर त्याचा मराठी सारांश जातो. तो पूर्वी काकू लिहायच्या. एआय आल्यावर लिहिणं त्याच्याकडे गेलं, काकूंकडे तपासणं उरलं. त्या त्याच्याशी भांडायच्या. तो ‘ग्लुकोज’ लिहायचा, त्या खोडून ‘साखर’ करायच्या आणि त्याच्याबद्दल मला मालवणीत सांगायच्या, “शिकलेलो आसा गो, पण माणसांत वावरलो नाय.”

मूळ रिपोर्टशी ओळ न् ओळ ताडून झाली की त्या खाली टाइप करायच्या ‘वाचलं’, पुढे आपलं नाव आणि तारीख. हा नियम लॅबचा नव्हता, काकूंचा होता. रिपोर्ट वाईट असला तर त्या आधी स्वतः फोन करायच्या आणि जवळ कोणी आहे का ते विचारायच्या. माझं काम सोपं होतं. ‘वाचलं’ दिसलं की पाठवायचं. वरचा मजकूर मी कधी पाहिलाही नाही.

गणपतीला काकू कुडाळला गेल्या आणि तिथेच झोपेत गेल्या. खुर्चीवर त्यांचा एसीसाठी ठेवलेला स्वेटर तसाच राहिला. त्यांच्या जागी माणूस घेतला नाही. काकूंनी दुरुस्त केलेले सगळे रिपोर्ट एआयला शिकवलेत, आता तो त्यांच्यासारखंच लिहील, असं मालक म्हणाले.

आणि तो लिहू लागला. ‘साखर’ आली. ‘घाबरू नका, पण उशीर लावू नका’ हे काकूंचं वाक्यही आलं. ते वाचून माझे डोळे भरून आले. मग नजर खाली गेली. तिथे ‘वाचलं’ होतं, काकूंचं नाव होतं आणि तारीख त्याच दिवसाची होती.

शिकवलेल्या प्रत्येक रिपोर्टखाली ती ओळ होती. त्याला ती रिपोर्टचाच भाग वाटली असणार. मी ती सगळ्यांना दाखवली. ऑफिसात कोणीतरी म्हणालं, राहू दे यार, काकू आहेत असं वाटतं. मलाही तसंच वाटलं हो, खोटं कशाला बोलू? आठवड्याभरात सवय झाली. रोज सकाळी रिकाम्या खुर्चीकडून वाचून झालेले रिपोर्ट यायचे आणि मी ते पाठवायचे.

मग एका दुपारी वेसाव्याच्या मावशी आल्या. मासे विकतात, काकूंच्या जुन्या ओळखीच्या. मानेवर गाठ होती. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना ‘साधी गाठ, काळजी नको’ असा सारांश गेला होता, पण गाठ वाढत होती.

मी मूळ रिपोर्ट उघडला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, गाठ संशयास्पद आहे, तुकडा काढून ताबडतोब तपासा. सारांश चुकलाय, आजच पुन्हा तपासू, असं मी कसंबसं सांगितलं. त्यांना ते पटेना. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

“चुकेल कसं? काकूंनी वाचलंय ना गं. हे बघ नाव. म्हणून तर मी घरी बसले.”

“काकू गेल्या, मावशी. दोन महिने झाले.”

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. तारखेवरून अंगठा फिरवला.

“मग हे वाचलं कोणी?”

मी म्हणाले, “कोणीच नाही, मावशी. मी नुसतं पाठवलं.”

त्यांचा हात मानेवरच्या गाठीकडे गेला आणि तिथेच राहिला.