हत्तीच्या पापण्या

सकाळी सहाच्या एसटीने आम्ही पेण सोडलं, तेव्हा आईच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि रुमालात गुंडाळलेला तिचा सगळ्यात बारीक ब्रश होता.

आई पेणजवळच्या जोहे गावात, एका गणपती कारखान्यात तीस वर्षं आखणी (मूर्तीचे डोळे रंगवणे) करते. तिच्या या कामामुळेच मी घरातली पहिली पदवीधर झाले. आता रोह्याला शाळेत शिकवते. आदल्या आठवड्यात कारखान्याचे मालक वसंतशेठ म्हणाले, "मावशी, पापण्या काढू नका. त्या नटीला असतात, हत्तीला नाय!" सगळ्या बायका खो खो हसल्या. आई म्हणाली, "हत्तीला पापन्या नसल्या तर ब्रश ठेवते. उद्यापासून पॉलिशपेपर घेऊन मूर्तींच्या घासकामाला बसते."

बोलून तर गेली, पण जिवंत हत्ती तिने कधी पाहिलाच नव्हता. म्हणून आम्ही मुंबईच्या राणीच्या बागेत निघालो.

आत शिरताच गर्दी पेंग्विनकडे वळली.

"त्याला सोंड हाय का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग चल गो पुढं."

बाग इंग्रजांच्या काळातली. आधी झाडं लावली, प्राणी नंतर आले. परदेशातून आणलेल्या गोरखचिंचेचा बुंधा आम्हा दोघींच्या कवेत मावेना. "हिच्या पोटात आपली चूल मांडता येल," आई म्हणाली. उंच फांद्यांवर शेकडो वटवाघळं उलटी झोपली होती, मधूनच एखादं पंख झटकत होतं. पुढे काळ्या दगडाचा हत्ती दिसला. तो घारापुरीचा. इंग्रज विलायतेला नेत असताना तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. आईने मान वाकडी करून त्याचा डोळा न्याहाळला.

"झिजलाय. याची साक्ष चालनार नाय."

खरी हत्तीण मात्र आमच्याकडे पाठ करून उभी होती. तास गेला. भाकऱ्या संपल्या.

"ती आपल्या मर्जीची राणी आहे," पहारेकरी काका म्हणाले.

"मला पन घाई नाय," आई म्हणाली. पण तिची बोटं रुमाल चुरगाळत होती. मला घासकामाचा तो पांढऱ्या धुळीचा कोपरा दिसू लागला.

इतक्यात कुणीतरी पाण्याचा पाइप सोडला. हत्तीण वळली आणि थेट कुंपणाजवळ आली. बारीक तपकिरी डोळा, आणि त्यावर लांबच लांब पापण्या!

"हायत! गो, हायत!" आई ओरडली.

"काय हायत?" काका दचकले.

"पापन्या!"

"त्या तर मी रोज बघतो."

"मग जोह्याला येऊन सांगा की आमच्या शेठला!"

आजूबाजूचे लोक हसले. आईने मात्र रुमालातून ब्रश काढून हवेत एक रेघ ओढली, मग दुसरी.

"मी आजवर वर वळवत होते गो. ह्या खाली पडल्यात."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "शेठ, पापन्या हायत. पन माझ्या नटीच्याच होत्या, तुमचं ते बरोबर." मग तिने एका गणपतीला खाली झुकलेल्या पापण्या काढल्या. वसंतशेठ मूर्तीच्या पायाशी वाकून वर पाहत राहिले.

"मावशी, हा तर माझ्याकडंच बघतोय!"

तीस वर्षांचा हात आईने एका दुपारीत बदलला, तोही हसत हसत. सोमवारी शाळेत मी फळ्यावर हत्ती काढला. आधी पापण्या काढल्या, मग बाकीचा हत्ती.