भांडत भांडत टाकीपर्यंत

काकू घरीच शिवणकाम करत. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. सकाळी एकदा मशीनवर बसल्या की जेवणापुरत्याच उठायच्या. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण रोज चाला. नाहीतर हे गुडघे तुमचं ऐकेनासे होतील."

काकूंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळीच गिऱ्हाईक आलं. मग कंबर धरली, मग पाहुणे आले. काका जन्मभर पोस्टमन होते. त्यांना सोबत चला म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या वाट्याचं चालून झालंय. आता तुझी पाळी."

खरी अडचण वेगळीच होती. काम नसताना रस्त्याने नुसतं फिरायचं, याची काकूंना लाज वाटे. लोक म्हणतील, या वयात हिला काय सुचलं.

एकदा माप घेताना काकू खाली बसल्या आणि त्यांना उठताच येईना. मुलाचा गणवेश शिवून घ्यायला आलेल्या बाईने त्यांना काखेत हात घालून उभं केलं. उरलेलं माप तिने स्वतःच खाली बसून घेतलं. काकूंना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी भाजीची पिशवी घेतली आणि बाहेर पडल्या. पिशवी हातात असली की कुणी काही विचारत नाही. पण बेकरीच्या कोपऱ्यावर कुत्री अंगावर आली आणि काकू आल्या पावली परतल्या. पुढचे काही दिवस असंच झालं. बेकरीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं.

एके दिवशी कोपऱ्यावर धाकटी जाऊ दिसली. मागच्याच गल्लीत राहायची, पण दोघींचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. घरातल्या एका लग्नात ती चारचौघांत म्हणाली होती, "वहिनींची शिवण दोन धुण्यांत उसवते." तेव्हापासून समोर आली की काकू मान वळवत.

ती रस्ता ओलांडून आली आणि समोर बघतच म्हणाली, "मलाही चालायला सांगितलंय, साखर वाढलीय. माझ्याकडे छत्री आहे. या बाजूने चला."

छत्री पाहून कुत्री बाजूला झाली. दोघी शाळेपर्यंत गेल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी धाकटी काकूंच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

काकूंना वाटलं, आज नको म्हणावं. पण इतक्या वर्षांनी दारात आलेल्या माणसाला कंबर दुखतेय म्हणून कसं परत पाठवायचं? त्यांनी चपला घातल्या. पुढे कधी काकूंना कंटाळा यायचा, कधी धाकटीला. जी तयार असेल ती दुसरीच्या दारात जाऊन उभी राहायची.

मध्ये धाकटी तापाने अंथरुणाला खिळली आणि सगळंच थांबलं. ती बरी झाली तरी काकूंचा पाय घराबाहेर पडेना. पुन्हा सुरू करणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. या खेपेला काकू स्वतः तिच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "सावकाश जाऊ. बेकरीपर्यंतच."

बेकरीपाशी धाकटीने सहज काकूंच्या नव्या पडद्यांचं कौतुक केलं. झालं! इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं.

"का, उसवत नाहीत का आता?"

"तुम्ही अजून तेच धरून बसलात? माझी चोळी नीट शिवली नव्हती, ती लग्नात फाटली, म्हणून बोलले."

"ती फाटली कारण तू माप चुकीचं दिलंस. तुला बारीक दिसायचं होतं."

धाकटी चिडली, पाय आपटत पुढे निघाली. शेवटचा शब्द आपलाच राहावा म्हणून काकू तिच्या मागे. शाळा मागे पडली, दवाखाना मागे पडला. दम लागून दोघी थांबल्या, तेव्हा समोर पाण्याची टाकी होती. इतक्या लांब त्या कधीच आल्या नव्हत्या.

धाकटी कठड्यावर टेकली. "बारीक दिसायचं होतं, हे खरं," ती हळूच म्हणाली.

काकूंना हसू फुटलं. हसता हसता त्याही शेजारी बसल्या. थोड्या वेळाने धाकटीने विचारलं, "रिक्षा बघू का?"

"कशाला? भांडत आलो, गप्पा मारत जाऊ," काकू म्हणाल्या आणि कशाचाही आधार न घेता उठून उभ्या राहिल्या.